थ्री-नॉट-थ्रीचं लाकूड

श्रीरामपूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात सलग दोन दिवस थ्री-नॉट-थ्री चालवायला मिळाली. पहिल्या दिवशी माझ्या पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. दुसऱ्या दिवशी हाती वेगळी रायफल आली आणि गोळ्या टार्गेटभर विखुरल्या. 'हात हलतो' असा शेरा मिळाला, संघाच्या यादीतून नाव गेलं. हवालदारसाहेबांनी तेवढी ती रायफल उचलली, नळीचं तोंड अंगठ्यानं वर रेटून सोडलं आणि काही न बोलता ती बाजूला ठेवली. त्यांनी काय पाहिलं, हे कळायला मला तीस वर्षं आणि बरीच जुनी इंग्रजी मॅन्युअल्स लागली.

ही रायफल म्हणजे ली-एनफिल्ड. आपल्याकडची बहुतेक कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात घडलेली. तिच्या कितीतरी काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं दिसतात. ती आपल्या खडकीची, १८६९ साली उभ्या राहिलेल्या दारूगोळा कारखान्याची. ती घडवली लढाईसाठी, पण तिच्यावर स्पर्धाही रंगल्या. इंग्लंडमध्ये १८६० साली विम्बल्डनला राष्ट्रीय नेमबाजी सुरू झाली. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियानं झाडली, तीही तिवईवर पक्क्या बसवलेल्या रायफलीतून! १८९० पासून हा मेळा बिस्लेला भरू लागला. तिथे सैन्याच्या रायफलीनं हजार यार्डांपर्यंत नेम धरायचा. काही गटांत मागे बारीक भोकाची साइट लावायची मुभा असे, बाकी रायफल सैनिकाला मिळते तशीच दिसायला हवी. त्यामुळे सारी करामत लाकडाच्या आत करावी लागे.

गोळी सुटली की लोखंडी देह मागे रेटला जातो. तो धक्का लाकडातल्या दोन लहान खाचांवर येतो. दोन्हींवर तो सारखा बसला पाहिजे. तेल मुरून लाकूड मऊ झालं की एक खाच दबते आणि रायफल दर गोळीला वेगळी हलते. मग कारागीर तिथला भाग कोरून कडक लाकडाचे तुकडे चिकटवी. लोखंडाला काजळ लावून ते बसवायचं, काढायचं, काळा डाग पडेल तेवढंच तासायचं, पुन्हा बसवायचं. नळी मुळाशी घट्ट, मधे एका कड्यानं स्प्रिंगवर ओढलेली, तोंडाजवळ खुंटीनं हलकेच वर उचललेली. अंगठ्यानं रेटली तर उठावी आणि सोडली की जागेवर यावी. आमच्या आळीतल्या सुतारमामांना मी ही आकृती दाखवली. ते म्हणाले, "भाऊ, दार पावसाळ्यात अडकतं, उन्हाळ्यात खुळखुळतं. तुमच्या बंदुकीला तेच दुखणं आहे."

याहून गमतीचा भाग पुढे आहे. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या टोकाला अडकतो, म्हणून धक्क्यानं तिचा देह लवतो आणि नळी थरथरते. जाणकार याला दोष मानत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पुढे अडकणाऱ्या बोल्टची पॅटर्न १४ आली, ती जवळच्या अंतरावर सरसही होती. पण गोळीचा वेग सेकंदाला पन्नास फुटांनी कमी पडला, तर हजार यार्डांवर ती फुटापेक्षा जास्त खाली लागते. ली-एनफिल्डमध्ये अशी मंद गोळी किंचित उशिरा बाहेर पडते आणि तोवर नळीचं तोंड जरासं वर उठलेलं असतं. चूक चुकीला झाकते! म्हणून जवळ साधारण वाटणारी ही रायफल लांबवर भल्याभल्यांना भारी पडे. माझ्या मते बिस्लेच्या कारागिरांचं खरं शहाणपण इथेच होतं. तो लवचीकपणा त्यांनी मोडून काढला नाही, सांभाळून घेतला.

या कारागिरांना तिकडे नाव मिळालं. फुल्टन घराण्यातल्या आर्थर फुल्टननं १९१२, १९२६ आणि १९३१ अशी तीनदा किंग्ज प्राइझ जिंकली. या घराण्याच्या दुकानात बसवून घेतलेल्या रायफलीवर तसा शिक्काच मारलेला असे. आपल्याकडे उलट. लाकूड फाटू नये म्हणून इशापूरला त्यातून एक आडवा स्क्रू घालू लागले. संग्राहक त्याला आजही 'इशापूर स्क्रू' म्हणतात. कारखान्याचं नाव राहिलं, तो स्क्रू सुचवणाऱ्याचं नाही. १९६० च्या दशकात इशापूरनं हीच रायफल ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवली. पुढच्या आवृत्तीत साइटची मर्यादा २००० मीटरवरून ८०० वर आणली. हजार यार्डांचा नाद तिथे संपला.

२०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं, तो सामना मी घरी टीव्हीवर पाहिला. आजच्या स्पर्धेच्या रायफली मुळातच स्पर्धेसाठी घडतात, त्यांचा साज बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि गालाखालची पट्टीसुद्धा स्क्रूवर वरखाली होते. पावसाळ्याचं त्यांना काही वाटत नाही.

हवालदारसाहेबांचं नाव मला आठवत नाही. त्या दुसऱ्या रायफलीच्या दस्त्यावर पांढऱ्या रंगात १७ लिहिलं होतं.