वीर्यात रक्त दिसलं तर घाबरायचं का? डॉक्टरांकडे कधी जायचं?

कंडोममध्ये किंवा चादरीवर लालसर, तपकिरी डाग दिसला की बहुतेक पुरुषांच्या मनात पहिल्यांदा कॅन्सरचा विचार येतो. त्यानंतर प्रश्न पडतो की हे सांगायचं कोणाला? बायकोला सांगायचा संकोच, मित्र हसतील ही धास्ती आणि डॉक्टरांसमोर तोंड उघडायची लाज. त्यामुळे कित्येक जण गप्प बसतात किंवा रात्रभर मोबाइलवर शोधत राहतात.

वीर्यातून रक्त येण्याला वैद्यकीय भाषेत 'हिमॅटोस्पर्मिया' म्हणतात. बहुतेक वेळा, विशेषतः चाळिशीच्या आतल्या पुरुषांमध्ये, हा त्रास आपोआप थांबतो आणि त्यामागे गंभीर आजार नसतो. काही वेळा मात्र तपासणी टाळून चालत नाही. हा फरक कसा ओळखायचा?

रक्त येतं कुठून?

वीर्य म्हणजे फक्त शुक्राणू नव्हेत. वृषणांमधून येणारा शुक्राणूंचा भाग वीर्यात अगदी थोडा असतो. बाकीचा बहुतेक द्रव मूत्राशयाच्या मागे असलेल्या दोन वीर्यकोशांमधून आणि मूत्राशयाच्या खाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. हे सगळं मिसळून मूत्रमार्गातून बाहेर पडतं. या वाटेवर कुठेही सूज आली किंवा एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली, तरी रक्त वीर्यात मिसळतं.

रंगावरून थोडा अंदाज येतो. लाल रंग म्हणजे ताजं रक्त, तर तपकिरी किंवा गंजासारखा रंग म्हणजे आत काही दिवस साचलेलं जुनं रक्त. त्यामुळे रक्तस्राव थांबल्यावरही पुढच्या काही वेळा वीर्य तपकिरी दिसू शकतं.

कारणं कोणती?

बऱ्याच पुरुषांमध्ये तपासण्या करूनही नेमकं कारण सापडत नाही. जी कारणं सापडतात, त्यातली मुख्य अशी:

• संसर्ग आणि सूज: प्रोस्टेट, वीर्यकोश, मूत्रमार्ग किंवा वृषणाजवळच्या नलिकांना झालेला संसर्ग. तरुणांमध्ये हे कारण जास्त आढळतं. गनोरिया, क्लॅमिडिया, हर्पीस यांसारखे लैंगिक संबंधांतून पसरणारे आजारही यात येतात.
• तपासणी किंवा शस्त्रक्रिया: प्रोस्टेटची बायोप्सी केल्यावर काही आठवडे वीर्यात रक्त दिसणं अपेक्षितच असतं. नसबंदीनंतरही काही दिवस असं होऊ शकतं.
• प्रोस्टेटची वाढ, खडे किंवा गाठी: उतारवयात प्रोस्टेट वाढणं सर्रास आढळतं. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे.
• मार लागणं: जननेंद्रियाला किंवा त्याच्या आसपास झालेली इजा.
• शरीरातले इतर आजार: खूप वाढलेला रक्तदाब, रक्त न गोठण्याचे विकार, तसंच रक्त पातळ करणारी औषधं.
• टीबी: क्षयरोग फक्त फुप्फुसांचा नसतो. तो मूत्रमार्ग आणि जननेंद्रियांनाही होतो. भारतात टीबीचं प्रमाण मोठं असल्यामुळे त्रास वारंवार होत असेल, तर डॉक्टर ही शक्यताही तपासतात.

कॅन्सरचं काय?

प्रोस्टेट, मूत्राशय किंवा वृषणाच्या कॅन्सरमध्ये वीर्यात रक्त येऊ शकतं, पण फक्त या एका लक्षणामागे कॅन्सर निघण्याचं प्रमाण कमी आहे. वय चाळिशीच्या पुढे असेल, त्रास पुन्हा पुन्हा होत असेल किंवा वडील, भाऊ यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला असेल, तर मात्र तपासणी लांबणीवर टाकू नये.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

वय ४० पेक्षा कमी आहे, एकदाच रक्त दिसलं आणि दुसरा काही त्रास नाही, तर धावपळ करायची गरज नाही. तरीही सवडीने डॉक्टरांच्या कानावर घातलेलं बरं. पुढीलपैकी काही असेल, तर मात्र लवकर वेळ घ्यावी:

• वय ४० पेक्षा जास्त आहे
• त्रास तीन-चार आठवड्यांहून जास्त टिकला किंवा परत परत होतोय
• लघवीतूनही रक्त जातंय
• लघवीला जळजळ होते, धार अडखळते किंवा वीर्यपतनाच्या वेळी दुखतं
• वृषणात गाठ किंवा सूज जाणवते
• ताप येतो, कारण नसताना वजन घटतंय
• असुरक्षित शरीरसंबंध आलेला आहे
• रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे (ती स्वतःच्या मनाने बंद करू नये)

लघवी पूर्ण अडली, थंडी वाजून जोराचा ताप आला किंवा वृषणात अचानक असह्य वेदना सुरू झाल्या, तर त्याच वेळी हॉस्पिटल गाठावं. वृषणाला पीळ बसला असेल तर काही तासांत उपचार मिळावे लागतात.

तपासणीत काय होतं?

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करता येते. गरज पडल्यास ते युरोलॉजिस्टकडे म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवतात. आधी रक्तदाब, लघवीची तपासणी आणि शारीरिक तपासणी होते. प्रोस्टेट तपासण्यासाठी डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने चाचपतात. ही तपासणी थोडी अवघड वाटते, पण लगेच उरकते. वय आणि लक्षणं पाहून पीएसए ही रक्ततपासणी, सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगितलं जातं. संसर्ग असेल तर पीएसए वाढलेलं दिसू शकतं. त्यामुळे फक्त तो आकडा पाहून निष्कर्ष काढू नये.

काही वेळा रक्त जोडीदाराच्या शरीरातून आलेलं असतं. कंडोम वापरल्यास ते नेमकं कोणाचं आहे, हे कळतं.

उपचार कारणावर ठरतात. संसर्ग असेल तर अँटिबायोटिक्स दिली जातात आणि लैंगिक आजार असेल तर जोडीदारालाही उपचार घ्यावे लागतात. निदान होईपर्यंत कंडोम वापरावा. मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून खाऊ नयेत. अर्धवट उपचाराने संसर्ग दबतो, पण जात नाही.

गैरसमज आणि भिंतीवरच्या जाहिराती

हस्तमैथुनामुळे 'धातू संपून रक्त येतं' हा समज चुकीचा आहे. वीर्यात रक्त येणं म्हणजे नपुंसकत्व किंवा मूल न होणं असाही अर्थ होत नाही. रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग' बरा करण्याची हमी देणाऱ्या जाहिराती याच भीतीवर चालतात. तिथे पैसे जातात आणि खऱ्या निदानाला उशीर होतो.

लैंगिक आजाराची शंका असेल, तर सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये मोफत सल्ला आणि उपचार मिळतात. टीबीची तपासणी आणि औषधंही सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. डॉक्टरांसमोर बोलायचं कसं, हा प्रश्न असेल तर एक वाक्य पुरेसं आहे: 'वीर्यातून रक्त जातंय.' कधीपासून, किती वेळा आणि सोबत आणखी काय त्रास होतो, हे डॉक्टर स्वतःच विचारतात.