गोदीचे फोटो आणि १४ एप्रिल

सावेडीत समुद्र नाही, तरी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर मुंबई बंदराचे फोटो बरेच येतात. मुंबईत नोकरीला असलेली आपली मुलं पावसाळ्यात भाऊच्या धक्क्यावर जातात आणि राखाडी पाणी, गंजलेल्या बोटी, धुक्यात उभ्या क्रेन टिपून पाठवतात. फोटो छानच असतात. मात्र त्या बंदराचा इतिहास वाचल्यापासून धुकं दिसलं की मला धूर आठवतो.

१८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८७५ मध्ये कुलाब्याला ससून डॉक झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक. कापसाच्या व्यापाराने हे बंदर भरभराटीला आलं. गावाकडून मुंबईत पोट भरायला गेलेल्या कितीतरी लोकांनी इथे पाठीवर माल वाहिला.

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते. त्याच तारखेला, १९४४ साली, ऐन महायुद्धात व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकाइन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या! दुपारी कापसाने पेट घेतला. बंब आले, जवान पाणी मारत राहिले. चारनंतर पहिला स्फोट झाला, साधारण अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असतानाच गेले.

त्या वेळचे कृष्णधवल फोटो आजही पाहायला मिळतात. गोदीवर धुराचे लोट, खाली मोडून पडलेल्या शेड. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या आता भराव टाकून बुजवल्या आहेत. तिथलं पाणी पाहायचं तर फोटोतच. म्हणून मुलांना सांगणं आहे, फोटोखाली जागा आणि तारीख जरूर लिहा. आज साधा वाटणारा फोटो उद्या पुरावा ठरतो.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. आपणही रौप्यमहोत्सवी वर्षापासून त्या आठवड्यात जिन्यातले लाल सिलिंडर तपासून घेऊ, आणि बंब आत येईल एवढी वाट गेटपाशी मोकळी ठेवू. गाड्या लावायला मागे जागा आहे.