मध्यंतरातील निर्णय : 1970 चा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा अंतिम सामना आणि कार्लटनची आघाडीची फळी

प्रस्तावना

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हे मैदान भारतीय वाचकाला क्रिकेटमुळे परिचित आहे. तथापि या मैदानावरील आजवरच्या सर्वाधिक उपस्थितीच्या क्रीडा सामन्याचा क्रिकेटशी संबंध नाही. दि. 26 सप्टेंबर 1970 रोजी कार्लटन आणि कॉलिंगवुड या मेलबर्नमधील दोन संघांत व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा अंतिम सामना झाला. त्यास 1,21,696 प्रेक्षक उपस्थित होते. मध्यंतरास 44 गुणांनी मागे असलेला कार्लटन संघ अखेर 10 गुणांनी विजयी झाला. प्रशिक्षक रॉन बरासी यांनी मध्यंतरात हँडबॉलचा आदेश दिला आणि त्यातून आधुनिक फुटबॉल जन्मास आला, असे या विजयाविषयी सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण कितपत पुरेसे आहे, याचा शोध गुणफलकाच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खेळाचे स्वरूप

क्रिकेटपटूंना हिवाळ्यात व्यायाम घडावा या विचारातून 1858-59 च्या सुमारास मेलबर्न येथे हा खेळ आकारास आला. लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येक संघाचे 18 खेळाडू चार सत्रांत खेळतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने मारल्यास गोल, म्हणजे सहा गुण मिळतात. बाजूच्या खांबांमधून गेल्यास बिहाइंड, म्हणजे केवळ एक गुण मिळतो. त्यामुळे गुणसंख्या 4.5 (29) अशी लिहिली जाते : चार गोल, पाच बिहाइंड, एकूण 29 गुण. चेंडू हाताने फेकण्यास मनाई आहे. एका हातावर धरलेला चेंडू दुसऱ्या हाताच्या मुठीने सहकाऱ्याकडे टोलवणे यास हँडबॉल म्हणतात.

1970 मध्ये संघास केवळ दोन राखीव खेळाडू मिळत आणि एकदा बाहेर काढलेला खेळाडू परत येऊ शकत नसे. खेळाडूंची मुक्त अदलाबदल 1978 पासून सुरू झाली. बरासी यांच्या निर्णयाचे मोल समजण्यासाठी ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी

मेलबर्न संघाचे प्रशिक्षक नॉर्म स्मिथ यांच्या हाताखाली सहा विजेतेपदे मिळवलेले बरासी 1965 मध्ये कार्लटन संघाकडे आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1968 मध्ये कार्लटनने 21 वर्षांनंतर विजेतेपद मिळवले. 1969 च्या अंतिम सामन्यात मात्र रिचमंडकडून पराभव झाला. 1970 च्या हंगामात ॲलेक्स जेझालेंको यांनी 115 गोल केले. कार्लटनच्या खेळाडूने एका हंगामात शंभराचा टप्पा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती. म्हणजेच संघाच्या आघाडीच्या फळीत गुणवत्तेची वाण नव्हती.

तरीही अंतिम सामन्याच्या पहिल्या सत्रात कार्लटनची गुणसंख्या होती केवळ 0.3 (3). मध्यंतरास ती 4.5 (29) झाली, तर कॉलिंगवुडची 10.13 (73) होती.

मध्यंतरातील दोन बदल

मध्यंतरात बरासी यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे बर्ट थॉर्नली यांना बाहेर काढून टेड हॉपकिन्स या राखीव खेळाडूस मैदानात उतरवले. दुसरी म्हणजे चेंडू दूरवर लाथाडण्याऐवजी हँडबॉलने सहकाऱ्याकडे सोपवून धावत पुढे जाण्याचा आदेश दिला. तिसऱ्या सत्रात कार्लटनने 8.0, म्हणजे आठ प्रयत्नांत आठ गोल केले. हॉपकिन्स यांनी उर्वरित सामन्यात चार गोल नोंदवले. अंतिम गुणसंख्या कार्लटन 17.9 (111), कॉलिंगवुड 14.17 (101) अशी झाली.

हँडबॉल ही त्या दिवशी निर्माण झालेली कल्पना नव्हती. नॉर्म स्मिथ यांचे बंधू लेन स्मिथ यांनी वेगवान खेळाचा पुरस्कार पूर्वीच केला होता, तर जिलाँगच्या ग्रॅहम फार्मर यांनी 1960 च्या दशकात हँडबॉलचा प्रभावी वापर करून दाखवला होता. बरासी यांचे कर्तृत्व नवशोधात नाही. उपलब्ध असलेले साधन पराभवाच्या छायेत संपूर्ण संघाकडून वापरून घेण्यात ते आहे.

गुणफलकाची साक्ष

गोल व बिहाइंड यांची बेरीज केल्यास गोलवर झालेल्या यशस्वी-अयशस्वी प्रयत्नांचा अंदाज येतो. पूर्वार्धात कार्लटनचे असे प्रयत्न केवळ 9 होते. उत्तरार्धात ते 17 झाले. यावरून पूर्वार्धातील दुखणे केवळ नेमबाजीचे नव्हते, हे उघड होते. गोल करणाऱ्यांपर्यंत चेंडूच पोहोचत नव्हता. अपयश आघाडीच्या फळीत दिसत होते, पण त्याचे मूळ मैदानाच्या मध्यभागी होते.

याहून महत्त्वाचा आकडा प्रतिस्पर्ध्याचा आहे. कॉलिंगवुडचे प्रयत्न पूर्वार्धातील 23 वरून उत्तरार्धात 8 वर आले. म्हणजे सर्वांत मोठा बदल कार्लटनच्या गोलसमोर घडला. जो संघ चेंडू आपल्या हाती राखतो, त्याच्या बचाव फळीवरील भार आपोआप हलका होतो. आघाडी सुधारण्यासाठी केलेल्या उपायाने बचावही सुधारला, असा निष्कर्ष येथे काढता येतो.

तथापि सर्व श्रेय बरासी यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. संपूर्ण सामन्यात कॉलिंगवुडचे प्रयत्न 31, तर कार्लटनचे 26 होते. अधिक संधी मिळालेला संघ पराभूत झाला. कॉलिंगवुडच्या 17 बिहाइंडपैकी केवळ दोन गोलमध्ये रूपांतरित झाले असते, तर इतर सर्व तसेच राहून सामना 111-111 असा बरोबरीत सुटला असता. शिवाय त्यांचे प्रमुख गोलवीर पीटर मॅकेना पूर्वार्धातच सहकारी डेस टडनहॅम यांच्याशी झालेल्या टकरीत जायबंदी झाले होते. प्रतिस्पर्ध्याच्या उणिवा आणि दुर्दैव यांनी बरासी यांच्या निर्णयास वाव दिला, हे मान्य करावे लागते.

निवडीचा प्रश्न

संघनिवडीच्या दृष्टीनेही हा प्रसंग विचारप्रवृत्त करतो. प्रारंभीच्या 18 जणांत हॉपकिन्स यांना स्थान नव्हते, म्हणजे मूळ निवडीचा अंदाज चुकला होता. आपली चूक एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर मान्य करणे आणि परत न फिरवता येणारा बदल करणे यासाठी धैर्य लागते. परंतु या कथेत थॉर्नली यांचे नाव क्वचितच येते. पूर्वार्धात संपूर्ण संघ अपयशी ठरला असताना बाहेर जाण्याची वेळ एकावर आली. सामूहिक दोषाची किंमत एका व्यक्तीने मोजली आणि यशोगाथेने तिला विस्मृतीत ढकलले. यशाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाने याची नोंद घेणे अगत्याचे आहे.

समारोप

बरासी 1971 च्या हंगामानंतर कार्लटनमधून बाहेर पडले. 1972 चे विजेतेपद कार्लटनने जॉन निकोल्स यांच्या नेतृत्वाखाली मिळवले आणि त्या अंतिम सामन्यात 28.9 (177) अशी गुणसंख्या उभारली. कॉलिंगवुडला मात्र 1958 नंतरच्या विजेतेपदासाठी 1990 पर्यंत वाट पाहावी लागली. हॉपकिन्स यांनी पुढे 'चॅम्पियन डेटा' ही फुटबॉलची सांख्यिकी संकलित करणारी संस्था स्थापन केली. ज्यांच्या चार गोलांभोवती दंतकथा गुंफली गेली, त्यांनीच खेळाला आकडेवारीच्या कसोटीवर घासण्याचे कार्य हाती घ्यावे, हे अर्थपूर्ण होय.

एका आदेशाने इतिहास बदलला, ही मांडणी आकर्षक असली तरी अपुरी आहे. योग्य निदान, वेळेवर केलेली निवड, पूर्वसूरींनी घडवलेले तंत्र आणि प्रतिस्पर्ध्याने दवडलेल्या संधी या चारही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा ते 44 गुण भरून निघाले. दंतकथा यांपैकी एकच गोष्ट लक्षात ठेवते. उरलेल्या तिन्हींची नोंद गुणफलकाशेजारी ठेवणे हे इतिहासलेखनाचे काम आहे.