घरे आधी, दुकाने मागाहून

आमच्या लहानपणी केरी गावात दुकान शोधणाऱ्या परक्या माणसाची मोठी पंचाईत होई, कारण दुकान म्हणून वेगळे असे काही दिसतच नसे. दिसे ते घर. त्या घराच्या सोप्यात तांदळाचे पोते, गुळाची ढेप, रॉकेलचा डबा आणि तराजू, आणि मागे भिंतीला टेकून बसलेला घरधनी, एवढा सारा पसरा. गिऱ्हाईक नसले की तो सुपारी सोलीत बसे; जेवणवेळ झाली की दुकान उघडे टाकूनच आत जाई. त्या जागेला भाडे नव्हते आणि पागडी नव्हती. आज पत्रादेवीपासून पर्वरीपर्यंतच्या हमरस्त्यावर ज्या ‘कमर्शियल’ गाळ्यांचे फलक झळकतात, त्यांची वंशावळ मांडायची झाल्यास ती या सोप्यापासूनच मांडावी लागेल. दुकान आणि घर ज्या दिवशी वेगळे झाले, म्हणजे दुकानदार एक आणि जागेचा मालक दुसरा असे झाले, त्या दिवशी गाळ्याला किंमत आली.

(गोव्यात केरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. सत्तरीतली केरी वेगळी, फोंड्यातली वेगळी. आम्ही लिहितो आहोत ती पेडण्यातली, आजोबा देवस्थानाची, तेरेखोलच्या समोरची.)

पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेला. तोवर तो सावंतवाडीकर भोसल्यांचा. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षांच गेल्या होत्या. राज्य बदलले तरी बाजाराच्या वाटा बदलल्या नाहीत. आमच्या बाजूची माणसे बांदा, आरोंदा, शिरोडा इकडे जात, नाहीतर नदी ओलांडून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला. वाडे एकमेकांपासून लांब, मध्ये भाटे आणि मळे, हातात रोकड वर्षातून दोनचारदा येणारी. अशा विखुरलेल्या वस्तीत रोज उघडे राहणारे दुकान परवडत नाही. तेथे व्यापारीच आठवड्यातून एकदा येतो आणि संध्याकाळी पाल गुंडाळून जातो. आठवड्याचा बाजार हा मागासलेपणा नव्हता, पातळ वस्तीने काढलेला तो शहाणपणाचा तोडगा होता.

दाट वस्ती झाली की काय होते, ते पणजीने दाखविले. मुळात ते दलदलीचे, खाजणांचे गाव. दों मानुएल द पोर्तुगाल ए काश्त्रो या गव्हर्नराच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३० च्या मागेपुढे, तेथे दलदली बुजवून रस्ते आखले गेले आणि १८४३ साली त्या गावाला राजधानीचा दर्जा मिळाला. सरकारी नोकर राहावयास आले, त्यांच्यामागून शिंपी, न्हावी, सोनार, वाणी आले. महिन्याला पगार घेणारा माणूस उधारी फेडतो, ही गोष्ट दुकानदाराच्या दृष्टीने राजधानीपेक्षाही मोठी.

आमच्या डोळ्यांदेखत घडलेले उदाहरण मात्र पर्वरीचे. गोव्यात गृहनिर्माण मंडळाचा कायदा १९६८ साली झाला आणि पुढच्या काळात पर्वरीच्या पठारावर मंडळाची वसाहत उभी राहिली. त्या आधी त्या पठारावर काजू होते, कातळ होता आणि वारा होता. वसाहतीतली पहिली कुटुंबे बहुतेक सरकारी नोकरांची. त्यांची बाजारहाट पणजीतच चाले; कार्यालयातून परतताना पिशवीत भाजी घेऊन पूल ओलांडायचा, हा शिरस्ता. मग ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला. आम्ही तेव्हा नोकरीत अगदी नवे होतो. भर पावसात बेतीच्या फेरीसाठी रांगेत उभे राहणाऱ्या माणसाला एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कांदेबटाटे हे झेपत नाही. पुढच्या महिन्यांत पर्वरीत भाजीवाले आले, एकाने घराच्या गॅरेजचे दार काढून तेथे वाणसामान मांडले, दुसऱ्याने पिठाची गिरणी घातली. नवा पूल १९९२ साली झाला, पण दुकाने परत गेली नाहीत. गिऱ्हाइकाला एकदा घरालगतची सवय लागली की ती सुटत नाही. २००० साली विधानसभेची नवी इमारत तेथे आली, आणि गॅरेजमधल्या दुकानांच्या जागी दुमजली, तिमजली गाळे आले.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. प्रथम भाजी, दूध, पिठाची गिरणी. मग औषधांचे दुकान, न्हावी, इस्त्रीवाला. मग डॉक्टर आणि शिकवण्या. बँक त्याही मागाहून. आणि शेवटी, ज्यांना खरे म्हणजे शेजारच्या वस्तीची गरजच नसते, अशी फर्निचरची व मोटारींची दालने. हा क्रम कोणा अधिकाऱ्याने आराखड्यात लिहिलेला नसतो. वाण्याला पाऊणशे घरे पुरतात, डॉक्टरला तेवढी पुरत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. (पाऊणशे हा आकडा आमच्या अंदाजाचा, कोणी वाणी तो नाकारील तर आम्ही वाद घालणार नाही.)

नवी मुंबईतही हेच घडले, फरक इतकाच की तेथे ते ठरवून केले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वाशीच्या सेक्टरांत घरांबरोबर दुकानांच्या जागाही आखल्या. तरीही लोकल गाडी १९९२ साली वाशीला पोहोचेपर्यंत त्या बाजाराला खरा रंग चढला नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर लेविटटाऊन या वसाहतीत काही वर्षांत सतरा हजारांवर घरे बांधली गेली. तेथे बांधणाऱ्यानेच मध्ये मध्ये दुकानांचे चौक सोडले होते. घरे विकणाऱ्याला तेव्हा ठाऊक होते की दूध कोठे मिळेल हे गृहिणी आधी विचारते.

पण घरे आली म्हणजे बाजार आलाच, असे मानणाऱ्याने एकदा डिचोली-साखळीकडे जाऊन यावे. खाणींच्या भरभराटीत त्या भागात ट्रकमालकांनी घरे बांधली, रस्त्याकडेला गॅरेजे, टायरची दुकाने, सुट्या भागांची दुकाने, खाणावळी यांची रांग लागली. २०१२ साली खाणकाम थांबले; पुन्हा चालू झाले तोच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८ पासून ८८ लीजांवरचे काम बंद पडले. घरे जागेवर होती, माणसेही घरातच होती. शटर मात्र एकेक करून खाली आली. आम्ही त्या काळात एका नातलगाच्या गाळ्याचे भाडेकरू शोधत फिरलो आहोत. अर्ध्या भाड्यातही कोणी किल्ली घेईना. घरांच्या संख्येपेक्षा घरात येणाऱ्या पगारावर बाजार उभा असतो, हे आम्ही तेव्हा शिकलो.

पेडण्याचे आजचे दुखणे याच्या नेमके उलटे आहे. येथे पैसा आहे, घरेही आहेत, माणूस नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली, शिवोली-चोपडे पूल या शतकाच्या आरंभी आला, हमरस्ता रुंदावला, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन होऊन पुढच्या जानेवारीत विमाने उतरू लागली. २०११ च्या जनगणनेत पाऊण लाखाच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या तालुक्यात जमिनीचे भाव कोठल्या कोठे गेले. त्याच जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांमागे एकाहून अधिक घर रिकामे आढळले होते, याचा मात्र कोणी फारसा विचार केला नाही. २०२३ साली पेडण्याचा झोनिंग आराखडा आला आणि लोकांच्या विरोधामुळे मागेही घेतला गेला; त्या सभांत शेतजमिनीविषयी पुष्कळ बोलले गेले, दुकानांविषयी कोणी बोलल्याचे आम्हांस स्मरत नाही.

निवृत्तीनंतर आम्हांला दिवे मोजण्याचा एक रिकामटेकडा छंद जडला आहे. रात्री जेवण झाल्यावर फिरावयास निघालो की हरमलच्या वाटेवरील नव्या बंगल्यांच्या आणि सदनिकांच्या खिडक्या पाहत जायचे. डिसेंबरात सगळे झगमगते. जुलैत, धो धो पावसात, दिवे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि त्यांतलाही एखादा रखवालदाराच्या खोलीचा. असा घरमालक वर्षातून पंधरा दिवस येतो आणि येताना सामान मोटारीत भरून आणतो. त्याला गावच्या वाण्याची गरज नाही. त्याच्यामुळे बाजार उभा राहतो तो निराळ्याच धंद्यांचा: जमिनीचे दलाल, दुचाकी भाड्याने देणारे, पोहण्याच्या तळ्याची निगा राखणारे, आणि चार महिने चालून आठ महिने झाकून ठेवलेली कॉफीची दुकाने. गाळ्याचे भाडे हे चार महिनेवाले ठरवितात. बारा महिने चालणाऱ्या पिठाच्या गिरणीला ते देता येत नाही. जुने दुकान त्यामुळे उठते, नवे टिकत नाही, आणि गावच्या म्हातारीला रक्तदाबाच्या गोळीसाठी पेडण्याची बस धरावी लागते.

केरीच्या फेरीधक्क्यावरचा चहाचा गाडा अजून चालतो, हेही येथे नोंदवावे. तो घरांवर चालत नाही, थांबण्यावर चालतो. चोपड्याच्या धक्क्यावर असेच गाडे होते. पूल झाला, थांबणे संपले, गाडेही गेले.

गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने रस्त्यालगतच्या भाटात सहा गाळे बांधण्याचा बेत केला. सनदेचे कागद, एक-चौदाचा उतारा, नकाशा असे सारे पुढ्यात टाकून तो म्हणाला, “काका, आजूबाजूला एवढी घरे येत आहेत, गाळे रिकामे कसे राहतील?” आम्ही त्याला कागदांतल्या चुका दाखविल्या, मग जुलै महिन्यात रात्री आमच्याबरोबर फिरावयास नेले. तो वाटेत काही बोलला नाही. शेवटी त्याने दोनच गाळे बांधले आणि उरलेले माड ठेवले. एकात औषधांचे दुकान आहे. भाडे बाजारभावाहून कमी, पण दर महिन्याच्या पाच तारखेला येते. दुसरा एका कॉफीवाल्याने ऑक्टोबरात दुप्पट भाड्याने घेतला होता. मे अखेरीस तो किल्ली देऊन गेला, आणि पावसाळाभर त्या गाळ्यात आमची सोललेली सुपारी वाळत घातलेली असते.