पाच ऑक्टोबरची तिरकी रेघ

१९९७च्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ एका तारखेपायी अख्खा दिवस अडलं. चित्रकार काका मॅकवर काम करायचे, मी पीसीवर. त्यांनी झिप डिस्क पाठवली. आत फाइल एकच, तिचं नाव ‘कव्हर ५/१० फायनल?’, अर्थात रोमन लिपीत. डिस्कवर ती दिसायची, पण माझ्या मशीनवर काही केल्या उतरेना. फोन केला तर काका म्हणाले, “अगं, पाच ऑक्टोबरला केलंय म्हणून ५/१०. आणि संपादकांनी अजून हो म्हटलेलं नाही म्हणून प्रश्नचिन्ह.” माणसाला हे नाव वाचून सगळं कळत होतं. शेवटी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले, नावातली तिरकी रेघ नि प्रश्नचिन्ह खोडलं आणि तीच डिस्क घेऊन परत आले. रिक्षाचे पैसे कोणी दिले नाहीत, ते सोडा.

स्लॅश चालत नाही हे ठरवलं कोणी, हा प्रश्न मात्र त्या रिक्षातच पडला. डीटीपीवाल्या बाईला हे कोण सांगणार? जुनी मॅन्युअलं चाळत, ओळखीच्या इंजिनिअरांचं डोकं खात, कितीतरी वर्षांनी त्याचा माग लागला.

स्लॅश मुळात युनिक्सचा. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९च्या सुमारास बेल लॅबमध्ये ती प्रणाली रचायला घेतली. तिच्यात फोल्डरच्या पोटात फोल्डर आणि दोघांच्या मध्ये स्लॅश. बरीच वर्षं नाव चौदाच अक्षरांचं, पण अक्षर कुठलंही चालेल. स्लॅश सोडून आणि शून्य किमतीचं एक अदृश्य चिन्ह सोडून. इतकी मोकळीक पुढे फार थोड्यांनी दिली.

१९८१मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस आलं, तेव्हा त्यात फोल्डरच नव्हते. फ्लॉपी १६० केबीची. तिच्यावर मावणार किती आणि कप्पे करणार कशाचे? स्लॅश मोकळाच होता, तो हुकुमाच्या शेपटीला लावला गेला. ‘डीआयआर’ लिहून पुढे स्लॅश-डब्ल्यू दिलं की यादी आडवी दिसायची, हे माझ्या बोटांना अजून आठवतं. दोन वर्षांनी एक्सटी मशीन आलं, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क. आता कप्पे हवेतच. डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, पण स्लॅशची जागा आधीच गेलेली. मग उलट्या तिरक्या रेघेला, बॅकस्लॅशला, तिथे बसवलं. मॅकवाल्यांनी कप्प्यांमध्ये कोलन घातला. त्यांना ३१ अक्षरं आणि कोलनखेरीज काहीही चालायचं. म्हणजे काकांची तारीख त्यांच्या गावात पूर्ण कायदेशीर होती. गुन्हा झाला तो शीव ओलांडल्यावर.

२००१मध्ये मॅकच्या पोटात युनिक्स आलं तेव्हाची तडजोड मला फार आवडते. कोलन जुन्यांना चालत नव्हता, स्लॅश नव्यांना. मग पडद्यावर तुम्ही स्लॅश लिहिलात की आत त्याचा कोलन होतो, आणि बाहेर काढताना पुन्हा स्लॅश. घरात दोन सासवा असल्या की सून असंच करते.

विंडोजने नऊ चिन्हं वर्ज्य ठेवली: दोन्ही रेघा, कोलन, स्टार, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन्ही बाणटोकं आणि उभी रेघ. एकही लहर म्हणून नाही. स्टार आणि प्रश्नचिन्ह म्हणजे ‘इथे काहीही असो’. बाणटोकं आणि उभी रेघ म्हणजे हुकुमाचं इनपुट किंवा आउटपुट दुसरीकडे वळवायची खूण. याहून गंमत आहे ती वर्ज्य शब्दांची. डॉसमध्ये पीआरएन हे प्रिंटरचं नाव. फोल्डर नव्हते तेव्हा असं नाव सगळीकडेच लागू असायचं, आणि फोल्डर आल्यावरही ते तसंच राहिलं. आता आपल्याकडे विद्यापीठातल्या पोरांना नोंदणीचा जो कायमचा क्रमांक मिळतो, त्यालाही पीआरएनच म्हणतात. एका कॉलेजचं काम करताना मी विद्यार्थ्यांची यादी त्या नावाने सेव्ह करायला गेले. मशीन नाहीच म्हणालं. नावाची टिंबानंतरची शेपटी बदलली, फोल्डर बदलला, तरी नाही. प्रिंटरला यादी म्हणायला ते तयार नव्हतं.

नावाला आठ अधिक टिंबानंतरच्या शेपटीला तीन अक्षरं, हा शिरस्ता डॉसहून जुना, १९७४च्या सीपी/एमचा, गॅरी किल्डॉल यांचा. आमच्या धंद्यात त्यातून एक कसबच तयार झालं. अंकाची दोन अक्षरं, सालाची दोन, अंडरस्कोर, मग पी आणि फर्म्याचा नंबर: डीए९७_पी०३. रोमन लिपीत मोजा, बरोबर आठ. १९९५मध्ये विंडोजने २५५ अक्षरांची नावं दिली, तरी खाली जुनं नाव जपलंच; ‘दिवाळी अंक मजकूर’ असं ठेवलं की पाठीमागे दिवाळी, लाटेसारखं चिन्ह आणि एक. आमचा हात काही सैल झाला नाही. कारण पॉझिटिव्ह काढायला फाइल सीडीवर जायची, आणि सीडीच्या १९८८च्या प्रमाणाची सर्वांत कडक पायरी पुन्हा तीच: कॅपिटल अक्षरं, आकडे, अंडरस्कोर, आठ अधिक तीन.

हे सगळं परक्या लिपीचं भांडण. आपलं भांडण युनिकोडनंतर सुरू झालं, आणि ते एकाच अक्षरावरून: आपला अर्धा र, ‘कोऱ्या’मधला, ‘दऱ्या’मधला. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकतर खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. किंवा साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य सांधा, ज्याला रुंदीच नाही. पडद्यावर दोन्ही एकसारखे. विंडोजच्या लेखी मात्र दोन वेगळी नावं, त्यामुळे ‘कोऱ्या पावत्या’ नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी सुखाने नांदतात, आणि कालची दुरुस्ती कुठल्या पावतीत आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही.

मॅकची १९९८ची डिस्क-रचना, एचएफएस प्लस, आणखी एक पाऊल पुढची. ती प्रत्येक नाव सुटं करून ठेवते: ऱ लिहिलात तर आत र आणि नुक्ता असे दोन तुकडे. ती फाइल तिथून परत विंडोजवर आली की ‘कोऱ्या’चं तिसरं शुद्धलेखन तयार.

तीच रचना नावं ताडून बघताना त्या अदृश्य सांध्याकडे काणाडोळा करते. डिसेंबर २०१४मध्ये गिट या प्रोग्रॅमला याचा फटका बसला होता: राखीव फोल्डरच्या नावात असं अदृश्य अक्षर घुसवून कोणीही आत शिरू शकेल हे उघडकीला आलं, आणि घाईघाईने दुरुस्ती काढावी लागली. प्रोग्रॅमरांना तो सुरक्षेचा प्रश्न वाटला. मला आठवले आचारी.

कारण सांधा गेला की ‘आचाऱ्यांची’ आणि ‘आचार्यांची’ यांत फरक उरतच नाही. एका मठाच्या उत्सवाची पत्रिका हातात होती, त्यामुळे दोन्ही याद्या माझ्याकडे होत्याच. मॅकच्या त्या रचनेची जुनी डिस्क कपाटातून काढली, तिच्यावर रिकामी फाइल केली आणि नाव दिलं ‘आचार्यांची यादी’. मग दुसरी केली आणि नावात अदृश्य सांधा मुद्दाम टाइप केला, स्वयंपाक्यांसाठी. मशीन म्हणालं, हे नाव आधीच घेतलेलं आहे.

मी ती डिस्क पुन्हा कपाटात ठेवली. खऱ्या यादीचं नाव बदललं: ‘स्वयंपाकी_यादी’. मधे अंडरस्कोर आपोआपच पडला.