नगरचीं विलासोद्यानें : काय राखावें, काय बदलावें?

किल्ले, देवळें आणि समाध्या यांच्या रक्षणाविषयीं आपल्याकडे थोडाबहुत विचार झाला आहे. परंतु केवळ करमणुकीसाठीं निर्माण झालेलीं स्थळें जुनीं झालीं म्हणजे त्यांचें काय करावें, हा प्रश्न सहसा कोणी विचारांत घेत नाहीं. देवळाला भक्त असतो, किल्ल्याला पोवाडा असतो. बागेचा माळी गेला कीं तिला वाली उरत नाहीं. अशा स्थळांपैकीं कोणतें जसेंच्या तसें राखावें व कोणतें बदलून नवें करावें, याचा निवाडा करण्यास अहमदनगर, म्हणजे हल्लींचें अहिल्यानगर, येथील निजामशाही बागांचें उदाहरण फार उपयोगी आहे.

हें शहरच मुळीं बागेपासून सुरू झालें. १४९० सालीं मलिक अहमदानें येथें बहामनी सैन्याचा मोड केला. ती लढाई इतिहासांत ‘बागेची लढाई’ म्हणून ओळखली जाते. विजयाच्या जागेवर त्यानें ‘बाग निजाम’ वसविली. पुढें हुसेन निजामशहानें १५५९ ते १५६२ च्या दरम्यान त्याच जागीं दगडी कोट उभारिला. १९४२ सालीं पंडित नेहरू व त्यांचे सहकारी ज्या कोटांत स्थानबद्ध झाले, तो हाच. म्हणजे नगरचें पहिलें विलासस्थान खुद्द निजामशहांनींच बदलून टाकिलें. त्याबद्दल आज कोणी हळहळत नाहीं, व हळहळूंहि नये. कारण बागेच्या जागीं जें आलें, तें तिच्याहून हलकें नव्हतें. बदल म्हटला कीं तो वाईटच, असें मानणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

शहराच्या उत्तरेस ‘हश्त बिहिश्त’ बाग आहे. हश्त बिहिश्त म्हणजे आठ स्वर्ग. १५०६ च्या सुमारास तिचा आरंभ झाला. अष्टकोनी तळें व त्याच्या मधोमध अष्टकोनी महाल, अशी तिची योजना. आज तेथें पडक्या भिंती मात्र उभ्या आहेत.

आग्नेयेस फराहबाग आहे. चौकोनी तळें, मध्यें दुमजली अष्टकोनी महाल, आंत घुमटाखालचें उंच दालन, अशी तिची मांडणी. हिचा इतिहास आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें फारच बोधप्रद आहे. इतिहासग्रंथांतून येणारा वृत्तान्त असा कीं, पहिला महाल निआमतखानानें उभारिला. पण तो सुलतानाच्या मनास न आल्यामुळें पाडविण्यांत आला, व दुसरा महाल सलाबतखानाच्या देखरेखीखालीं १५८३ च्या सुमारास पुरा झाला. मूर्तजा निजामशहा राज्यकारभार सोडून येथेंच एकांतांत राही व दिल्लीच्या एका गवयाशीं बुद्धिबळें खेळत बसे, असें सांगतात. तेव्हां आज ज्यास आपण ‘मूळ’ म्हणून जपूं पाहतों, तोच महाल एका नापसंत इमारतीचा बदली आहे! ताजमहालाची कल्पना फराहबागेवरून निघाली, असेंहि गांवांत कौतुकानें सांगण्यांत येतें. एवढ्या मोठ्या विधानास तेवढाच भक्कम आधार लागतो. आणि फराहबागेस उसन्या कीर्तीची गरजहि नाहीं.

आतां या अवशेषांसंबंधानें दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, पडक्या भिंती पाहावयास कोण येणार? तेथें रंगीत दिव्यांचीं कारंजीं व मुलांसाठीं पाळणे करावे, म्हणजे गांवास चार पैसे मिळतील. दुसरा पक्ष म्हणतो, कुंपण घाला आणि कशालाच हात लावूं नका. आमच्या मतें दोहोंच्याहि ध्यानांतून एक मुख्य गोष्ट निसटते. ह्या बागांतील खरें आकर्षण महाल नव्हता, पाणी होतें. पर्जन्यछायेंतील ह्या कोरड्या मुलखांत वैशाखाच्या उन्हांत पाण्यावरून येणारी झुळूक, हाच तेथला स्वर्ग. कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनीं पाणी खेळवून आणण्याची जी विद्या निजामशाहींत वाढली, तिनें बागाहि भिजविल्या व शहराचीहि तहान भागविली. महाल हें केवळ त्या पाण्याचें कोंदण होय. कोंदण जपून रत्न टाकून देणें, किंवा रत्नाच्या जागीं विजेची कांच बसविणें, या दोन्ही चुकाच.

परदेशचे दाखलेहि हेंच सांगतात. लंडन येथील वॉक्सहॉलची प्रसिद्ध विलासबाग १८५९ सालीं बंद झाली व तिच्या जमिनीवर घरें उठलीं. उलट कोपनहेगन येथील १८४३ सालच्या टिव्होली बागेंत १९१४ सालची लांकडी डोंगरगाडी अद्यापि चालते; ब्रेक लावणारा मनुष्य गाडीबरोबर बसतो. ती जुनी म्हणून नव्हे, तर रोज चालते व रोज दुरुस्त होते म्हणून टिकली. काबूल येथील बाबराची बाग यादवी युद्धांत उद्ध्वस्त झाली होती. २००२ नंतर तिचा उद्धार करितांना झाडें नवीं लाविलीं, पाण्याचा पाट पुन्हा वाहता केला, पण उतरत्या टप्प्यांची जुनी रचना मोडली नाहीं.

यावरून आमचा निवाडा असा. जें स्वभावतःच झिजणारें व मरणारें आहे, म्हणजे झाडें, वाफे, वाटा, तें निःशंकपणें नवें करावें. चारशें वर्षांपूर्वींचें झाड कोणत्याहि बागेंत अपेक्षूं नये. जें पुन्हा करतां येणार नाहीं, म्हणजे भिंती, चुन्याचें काम, तळ्याची आकृति, तें राखावें. पडलेला भाग कल्पनेनें पुरा करूं नये. फराहबाग संरक्षित स्मारक असल्यामुळें तिच्या भिंतींस कायद्याचा आधार तरी आहे. परंतु खापरी नळ जमिनीखालीं दडलेले असल्यामुळें रस्ता रुंद करतांना किंवा पाया खणतांना ते फुटतात, व फुटल्याचें कोणास कळतहि नाहीं. म्हणून पहिलें काम त्यांची मोजणी व नकाशा करण्याचें. महालाची डागडुजी त्यानंतर.

तळ्यांत बारमाही पाणी भरावें, असा आमचा आग्रह नाहीं. ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें शोभेसाठीं पाणी उधळणें शोभणार नाहीं. पण पावसाळ्यांत वाहून जाणारें पाणी जुन्या वाटेनें तळ्यांत आणतां आलें, तर बाग पुन्हा जिवंत होईल व आसपासच्या विहिरींसहि लाभ होईल. १९९४ पासून नगरांत रणगाड्यांचें संग्रहालय आहे व तें पाहण्यास दुरून लोक येतात. त्यांतील कांहींजण फराहबागेकडेहि वळतील. तेव्हां त्यांस कोरड्या खड्ड्यांतील एक पडकी इमारत दाखवावयाची, कीं पाणी कसें आणावें हें जाणणाऱ्या पूर्वजांचें काम दाखवावयाचें, हें नगरकरांनीं ठरवावयाचें आहे.