सुताचा अंक आणि सीडीची पडताळणी

नालवाडी म्हटले की विनोबा आणि सूत आठवते. १९३२ साली विनोबा वर्ध्यालगतच्या या वस्तीत राहायला आले, १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. खादीच्या हिशेबात एक तार चार फुटांची आणि ६४० तारांची एक गुंडी. गुंडी नुसती मोजून भागत नसे. सुताचा अंक, कस आणि समानता पाहावी लागे. कारण कच्च्या सुताचा त्रास कातणाऱ्याला होत नाही, मागावर बसलेल्या विणकराला होतो.

हीच गोष्ट पुढे एका अगदी निराळ्या वस्तूला लागू पडली. ती वस्तू म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमची इन्स्टॉलेशन सीडी. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात परवाने येतात, चळवळीचे पुढारी येतात. घरोघर सीडी राइट करून देणारा मात्र येत नाही. वास्तविक लिनक्स आपल्याकडे पसरले ते हातोहात. १९९० च्या दशकात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली. २००४ मध्ये उबुंटू आले आणि मागेल त्याला टपालाने फुकट सीडी मिळू लागली; ती सोय २०११ मध्ये बंद झाली. उरलेली गरज भागवली ती मित्राच्या रायटरने. टेलिफोनच्या तारेवरून, ५६ किलोबिटच्या पूर्ण वेगाने आणि मध्ये एकदाही खंड न पडता, ७०० एमबीची फाइल उतरवायला सुमारे २८ तास लागत. तेव्हा एकाने उतरवायची आणि दहाजणांनी वाटून घ्यायची, हाच व्यवहार्य मार्ग होता.

पण गाण्याची सीडी आणि इन्स्टॉलेशनची सीडी यांत फरक आहे. सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २३५२ बाइट असतात. गाण्यासाठी ते सगळे वापरले जातात. एखादा ओरखडा कानाला कळतही नाही. डेटाच्या सीडीत त्यांतले २०४८ बाइट माहितीचे आणि २७६ बाइट केवळ चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेले. कारण प्रोग्रामातला एक बिट बदलला तरी सिस्टीम अडू शकते.

बिघाडाच्या जागाही ठरलेल्या होत्या. फाइल अर्धवट उतरलेली असे. कोणी आयएसओ फाइल साध्या फाइलसारखी सीडीवर टाकी. अशा सीडीवरून संगणक सुरूच होत नसे, कारण ती प्रतिमा म्हणून राइट करावी लागते. राइट करताना संगणकाकडून डेटा येणे क्षणभर थांबले की कोरी सीडी वाया जाई. त्यावर सान्योने २००० साली ‘बर्न-प्रूफ’ हा उपाय आणला. शिवाय हलकी सीडी कमाल वेगाने राइट केली तर खुणा पुसट उमटत.

यावर तोडगा होता तो पडताळणीचा. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये एमडी५ ही रीत रचली. कितीही मोठी फाइल असो, तिचा ३२ चिन्हांचा एक ठसा निघतो. मूळ ठिकाणी छापलेला ठसा आणि आपल्या फाइलचा ठसा जुळला, तर फाइल शाबूत. मुद्दाम केलेली बनवाबनवी पकडायला एमडी५ पुरत नाही, हे २००४ मध्ये दिसले आणि पुढे एसएचए-२५६ रूढ झाले. पण वाटेत झालेला बिघाड त्याने नेमका कळे. मात्र फाइल शाबूत म्हणजे सीडी शाबूत नव्हे. म्हणून राइट झाल्यावर सीडी पुन्हा वाचून पाहायची. उबुंटूच्या सुरुवातीच्या मेन्यूतच सीडीतले दोष तपासण्याची सोय होती.

हा अर्धा तास वाचवला तर भुर्दंड कोणाला? घरातल्या एकुलत्या संगणकावरची जुनी सिस्टीम पुसून नवी टाकायला बसलेल्या विद्यार्थ्याला. साठ टक्क्यांवर इन्स्टॉलेशन अडले की जुनेही गेले आणि नवेही नाही. मग तो सीडीला दोष देत नाही. ‘फुकटचे असेच असते’ म्हणतो. एका निष्काळजी सीडीने चळवळीचा एक माणूस कायमचा तुटतो.

आता सीडीचा काळ सरला. तीच प्रतिमा पेनड्राइव्हवर जाते. पण राइट केलेल्या सीडीतला सेंद्रिय रंग उन्हाने आणि काळाने विटतो. मराठी दिसू लागलेल्या पहिल्या लिनक्स आवृत्त्या, त्यांवरचे फाँट, हाताने लिहिलेली लेबले, हे सारे अशाच सीड्यांवर कपाटांत पडून आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी या दिवाळीच्या सफाईत ते भंगारात देऊ नये. प्रतिमा काढावी, ठसा नोंदवावा, दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. आणि पुढे देण्याआधी एकदा तपासावी.